गादीच्या कपाटात जाणारा जिना

जपानमधल्या तोनामीच्या मैदानात माणसाची ओळख करून देताना आधी त्याचं घर सांगतात आणि मग जमलं तर नाव. 'ते कालव्याकाठचं काळ्या कौलांचं दुमजली आहे ना, ज्याच्या पश्चिमेला देवदारांची भिंत आहे, त्यातले धाकटे' एवढं म्हटलं की ऐकणारा समाधानाने मान हलवतो. नाव, नोकरी, शिक्षण हे सगळं नंतर, चहाबरोबर.

अशा मुलखात योशिनारी नोजिरी यांची ओळख 'ते दवाखान्यामागच्या सरकारी बिऱ्हाडातले' अशी होत असे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या काळजात एक खिळा जाई. माणूस तसा मानाच्या जागेवरचा. सरकारी वजनमापे कार्यालयात निरीक्षक. बाजारातल्या मासेवाल्यापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळ्यांचे तराजू आणि मापं तपासून त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. नोजिरी गल्लीत शिरले की दुकानदार आपोआप काट्यावरचं बोट उचलत. मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं ते वर्षातून एकदा, नवीन वर्षाच्या मेजवानीत, दुसऱ्या पेल्यानंतर म्हणत. चिगुसाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या वेळी नेमक्या स्वयंपाकघरात जात.

शेवटी गावाबाहेर जागा घेतली. आता प्रश्न उरला, घर बांधायला कुणाला द्यायचं.

जागेला लागूनच हामातानी गुरुजींचं घर. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. नोजिरी जागेवर नुसते उभे राहिले तरी गुरुजी कुंपणाशी हजर होत.

"नोजिरी, बिल्डर निवडणं म्हणजे बायको निवडण्यासारखं नाही," गुरुजी म्हणाले. "बायको निदान तुमच्या घरात राहते, म्हणून तिला चुकीची लाज वाटते. बिल्डर चावी देतो आणि निघून जातो. आमच्याकडे बघा. वारा सुटला की न्हाणीघर शिट्टी वाजवतं. बिल्डर म्हणाला, वाऱ्याचा दोष आहे."

"मग काय केलंत?"

"करणार काय? मी शिट्टीच्या सुरात पाढे म्हणतो. पण तुम्ही फसू नका. माणूस पारखून घ्या."

पारखून घ्या, हा शब्द नोजिरींच्या मनात जाऊन बसला. पारखणं हाच तर आपला धंदा. मासेवाल्याच्या काट्यावर आपण आधीच माहीत असलेलं वजन ठेवतो आणि काटा काय सांगतो ते बघतो. बिल्डरवरही असंच एक वजन ठेवायला काय हरकत आहे?

म्हणून त्यांनी रविवारभर बसून आपल्या हाताने घराचा नकाशा काढला. फूटपट्टी, टोकदार पेन्सिल, खोडरबर. आणि त्यात एक चूक मुद्दाम पेरली. खालच्या दिवाणखान्यातून निघणारा जिना वर जाऊन थेट गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात संपत होता. म्हणजे जिना चढणारा माणूस वर पोचला की रजयांच्या ढिगात डोकं घालून उभा. आंधळ्यालाही दिसावी अशी चूक. जो बिल्डर ती दाखवून देईल तो प्रामाणिक, जो गप्प बसेल तो लबाड.

चिगुसाबाईंनी नकाशा उजेडाकडे धरून पाहिला. "अहो, हे मुद्दाम आहे ना?"

"मुद्दामच आहे."

"नाही, विचारलेलं बरं," त्या म्हणाल्या आणि आणखी काही तरी विचारावं की नाही अशा चेहऱ्याने नकाशा परत केला. नोजिरींना त्या चेहऱ्याकडे बघायला तेव्हा वेळ नव्हता.

पहिला आला मियासे. एका बड्या कंपनीचा विक्री प्रतिनिधी, दाराबाहेर वाकला तो आत येईपर्यंत वाकलेलाच. बरोबर तांदळाच्या खुसखुशीत पापड्यांचा डबा. नोजिरींनी नकाशा पुढे सरकवला आणि काट्याकडे बघावं तसे त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मियासेचं बोट दिवाणखान्यातून निघालं, जिना चढलं आणि कपाटाशी थबकलं. थबकलं, हे नोजिरींनी पाहिलं.

"साहेब," मियासे हळू आवाजात म्हणाला, "किती विचार केलाय तुम्ही."

"कसला?"

"वहिनींचा. अंथरुणं घेऊन सगळ्या घरभर फिरायला नको. आम्ही एवढी वर्षं घरं बांधतो, हे कुणाला सुचलं नाही."

नोजिरींनी मनात त्याच्या नावावर फुली मारली आणि अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांचं वजन बरोबर लागू पडत होतं.

दुसऱ्या कंपनीचा फुकाया नावाचा गृहस्थ कुणाच्या विचारांवर विश्वास ठेवत नसे. त्याने नकाशा आपल्या यंत्राला खाऊ घातला, यंत्राने हिरवा दिवा दाखवला, आणि फुकाया म्हणाला, "भूकंपात उभं राहील." "पण जिना?" नोजिरींनी न राहवून विचारलं. "तोही उभा राहील," फुकाया म्हणाला. दुसरी फुली.

इथे गोष्ट थांबली असती तर बरं होतं. पण मियासेला कुणी फुलीचं सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो पुठ्ठ्याचं छोटं घर घेऊन आला. आत कापूस भरलेल्या इवल्या गाद्या, आणि जिन्याच्या टोकाला चष्मा लावलेली एक बाहुली, अर्धी कपाटात. बाहुली बरीचशी नोजिरींसारखी होती. नोजिरींनी विचार करून कळवतो असं सांगून त्याची बोळवण केली. मियासेला तो होकारच वाटला असावा, कारण त्याने ते पुठ्ठ्याचं घर कंपनीच्या प्रदर्शनात मांडलं. प्रदर्शनात गावच्या वर्तमानपत्राची बातमीदार बाई आली होती. रविवारच्या पुरवणीत नोजिरींचा कार्यालयातला फोटो आणि मथळा: 'पत्नीच्या पाठीसाठी पतीचा शोध'.

सोमवारी कार्यालयात टाळ्या झाल्या. साहेबांनी स्वतः उठून पाठीवर थाप मारली. इमारत परवाना विभागातला कारकून तिसऱ्या मजल्यावरून खाली आला आणि फार गंभीरपणे विचारू लागला, की कपाट हे कपाट म्हणून नोंदवायचं की जिन्याची वरची मोकळी जागा म्हणून. कपाट म्हटलं तर त्यात माणूस उभा राहता कामा नये, आणि मोकळी जागा म्हटली तर तिच्यात गाद्या ठेवता येणार नाहीत.

"गाद्या उभ्या ठेवल्या तर?" नोजिरींच्या तोंडून निघून गेलं.

"वरिष्ठांना विचारतो," म्हणत कारकून ते लिहून घेऊन गेला.

याच वेळी नोजिरींनी 'अहो, ती गंमत होती' एवढं म्हटलं असतं तर प्रकरण संपलं असतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्यातली खोट दाखवलेल्या माणसाने स्वतःहून 'मी खोटा नकाशा फिरवतोय' म्हणायचं, तेही टाळ्या चालू असताना, हे वाटतं तितकं सोपं नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि किंचित वाकले. लोकांना तो विनय वाटला.

मग ज्येष्ठ नागरिक मंडळाने व्याख्यानाला बोलावलं. नोजिरी नको म्हणायला गेले आणि विषय ठरवून आले. सभागृहात गावातली सगळी दुखरी गुडघेमंडळी उशा घेऊन बसली होती. नोजिरी अडखळत बोलू लागले, पण पाच मिनिटांत रंगले. माणसाचं निम्मं आयुष्य अंथरूण उचलण्यात जातं, असं एक वाक्य त्यांना उभ्या उभ्या सुचलं आणि समोरच्या आजीबाईंनी डोळे पुसले. घरी येताना त्यांना वाटू लागलं, की जिन्यात खरंच काही तरी तथ्य असावं. हामातानी गुरुजी पहिल्या रांगेत बसून सारखं काही तरी कागदावर काढत होते. आपल्या भाषणाची टिपणं घेताहेत, असं समजून नोजिरींना फार बरं वाटलं.

चिगुसाबाईंनी एवढे दिवस सोसलं. एका सकाळी त्या म्हणाल्या, "तुमची परीक्षा झाली असेल तर घराचं बघू या का? मी ओरिहाशीबाईंना बोलावलंय. सुतारकामात त्यांची तिसरी पिढी आहे. आज येतील."

ओरिहाशीबाई आल्या त्या कामाच्या बुटांत आणि डोक्याला पंचा गुंडाळून. पापड्या नाहीत, वाकणं जेमतेम. चहा पिता पिता नकाशा पाहिला आणि कप खाली ठेवला.

"हा कुणी काढलाय? शुद्धीत होता का?"

नोजिरींना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. इतक्या दिवसांनी काटा बरोबर वजन दाखवत होता. "का बरं?" त्यांनी भोळा चेहरा करून विचारलं.

"जिना कपाटात जातोय."

"अभिनंदन, ओरिहाशीबाई," नोजिरी म्हणाले. "तुम्ही पास झालात. ती चूक मी मुद्दाम ठेवली होती. तुमच्याआधी..."

"थांबा, माझं व्हायचंय." बाईंचं बोट पुढे सरकलं. "छपराचा उतार पुढच्या दारावर. पहिल्या हिमवर्षावात सगळा बर्फ दारात पडेल, वसंतापर्यंत घरातच बसा. देवघराची भिंत आणि संडासाची भिंत एकच. तुमच्या पूर्वजांनी काय पाप केलं होतं? न्हाणीचं दार उघडलं की संडासाचं उघडत नाही, म्हणजे एक माणूस कायम अडकलेला. वाळत घालायची जागा उत्तरेला, कपड्यांना शेवाळ येईल. बैठकीच्या मधोमध खांब, पाहुण्यांनी त्याला मिठी मारून बसायचं. आणि गाडी आत जाते, पण बाहेर कशी काढणार?" त्यांनी मान वर केली. "हे सगळंही मुद्दाम?"

चिगुसाबाई चहाच्या किटलीकडे टक लावून बघत होत्या. खरं उत्तर नोजिरींच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

"परीक्षेचाच भाग होता," ते म्हणाले.

"मी परीक्षेला बसलेच नव्हते," ओरिहाशीबाई म्हणाल्या आणि उठल्या. "साहेब, तुम्ही तराजू तपासता ते बरं करता. पण तराजूला तुमच्याबरोबर वर्षभर राहायचं नसतं. घर बांधायचं म्हणजे रोज एकमेकांचं तोंड बघायचं. तुम्ही मला जोखलंत, मीही तुम्हाला जोखलं. खोटा नकाशा हातात देणाऱ्याचं काम मी घेत नाही." बूट घालता घालता चिगुसाबाईंना मात्र त्या म्हणाल्या, "चहा छान होता हो, ताई."

त्या दिवशी जेवताना चिगुसाबाईंनी त्यांना मासा शेपटीकडचा वाढला.

पुढच्या रविवारी नोजिरी उगाचच जागेवर गेले. कार्यालयातल्या समारंभातून परस्पर आल्यामुळे अंगावर काळा सूट होता. गुरुजींच्या घरातून ठोकाठोकीचा आवाज येत होता. कुंपणाशी आज गुरुजी नव्हते, त्यांच्या पत्नी साकिको काकू होत्या, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"नोजिरी, तुमचं ते कपाट आमच्याकडे होतंय," त्या म्हणाल्या. "तुमचं घर व्हायच्या आत आमचं व्हायला हवं म्हणतात. चांगला रुंद जिना होता, वर्षानुवर्षं कठडा धरून चढत होते. तो पाडला. माझ्या गुडघ्यांना आता रोज त्या अरुंद पायऱ्या चढून अंधारात गाद्यांत शिरायचं."

तो कागद, ती पहिली रांग. आता कुठे नोजिरींच्या डोक्यात प्रकाश पडला. ते तसेच आत गेले. रोजंदारीवर आणलेला सुतार शेवटच्या पायऱ्या ठोकत होता आणि गुरुजी हातात छडी घेऊन देखरेख करत होते.

"गुरुजी, काम थांबवा. तो जिना चूक आहे. मी बिल्डरांना अडकवायला मुद्दाम काढला होता."

गुरुजी मंद हसले. असं हसू त्यांनी चाळीस वर्षं कॉपी करणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलं होतं. "नोजिरी, कल्पना तुमची, हे मी नाकारत नाही. पण आधी माझ्याकडे होतेय म्हणून असं पोटात दुखू देऊ नका. शोभत नाही."

"अहो, खरंच सांगतोय. मी मूर्खपणा केला."

"सभागृहात तर डोळ्यांत पाणी आणलंत लोकांच्या."

"तोही मूर्खपणाच."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून?"

नोजिरींनी सूटची पँट किंचित वर ओढली आणि ते पहिल्या पायरीवर बसले. सुतार हातात हातोडी घेऊन थांबला. गुरुजींनी शेजाऱ्यांना हाक मारली, की या, बघा, सरकारी माणूस दुसऱ्याच्या घरात धरणं धरून बसलाय. शेजारी आले. त्यात ज्येष्ठ मंडळाचे दोघं-तिघं होते. प्रत्येक येणाऱ्याला नोजिरी बसल्या जागेवरून तेच सांगत होते: तो जिना बांधू नका, मी चुकलो, वर्तमानपत्रातलं खोटं आहे. लोक ऐकत आणि एकमेकांकडे बघत. एक आजोबा कौतुकाने म्हणाले, "केवढा नम्र माणूस."

शेवटी गुरुजींचा संयम सुटला. "वादच मिटवतो," म्हणत त्यांनी हिवाळ्याची सगळ्यात जाड गादी पोटाशी कवटाळली, नोजिरींना ओलांडलं आणि तरातरा जिना चढून ते कपाटात अंतर्धान पावले.

मग आतून आवाज आला, "साकिको, दार सरकव."

काकू लंगडत जिन्याच्या पायथ्याशी आल्या. "खोलीच्या बाजूने दारापुढे तुम्हीच ते कपड्यांचं मोठं कपाट लावलंय. ते मला हलणार आहे का? आणि जुना जिना पाडल्यावर तिकडे जाऊ कशी?"

"मग मी खाली येतो." धडपड झाली. "गादी वळत नाही." आणखी धडपड. "मीही वळत नाही." आणि थोड्या वेळाने, "सगळे गप्प का? रांगेत उभे राहा."

नोजिरी वर चढले आणि गादी ओढू लागले, पण ती बुचासारखी घट्ट बसली होती आणि तिच्यामागे गुरुजी. सुतार म्हणाला, आता फळी कापावी तर गुरुजी कुठे संपतात आणि फळी कुठे सुरू होते ते दिसत नाही. एवढ्यात नवऱ्याला शोधत चिगुसाबाई आल्या. त्यांनी सगळा देखावा पाहिला आणि काही न विचारता ओरिहाशीबाईंना फोन लावला.

ओरिहाशीबाईंनी आल्या आल्या भिंतीवर दोन ठिकाणी बोटाने टकटक केलं, आतून गुरुजींनी "कोण आहे?" विचारलं, त्या आवाजावरून अंदाज घेतला आणि बाजूची फळी सोडवली. गुरुजी आडवे बाहेर आले, कापसाने पांढरे, छडी अजून हातात. ते ताठ उभे राहिले आणि जमलेल्यांना म्हणाले, "प्रयोग संपला. घरी जा."

लोक गेले. काकू आनंदाने गादी झटकत होत्या. ओरिहाशीबाईंची नजर नोजिरींकडे गेली. सूटला भुसा, केसांत कापूस, टाय पाठीवर.

"हे इथे काय करतायत?"

"मघापासून पायरीवर बसून होते," काकू म्हणाल्या. "येईल त्याला सांगत होते, मी मूर्ख आहे म्हणून. कुणी मानायलाच तयार नाही."

ओरिहाशीबाई नोजिरींकडे वळल्या. "साहेब, एक विचारू? जिना मुद्दाम होता, ते कळलं. बाकीच्या सहा चुका?"

सगळ्या गावासमोर मूर्ख म्हणवून घेताना नोजिरींना जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं हे उत्तर जड गेलं. लबाडीने चूक केली म्हणायला निदान हुशारी तरी लागते. त्यांनी चिगुसाबाईंकडे पाहिलं. त्या या वेळी किटलीकडे नव्हे, त्यांच्याकडेच बघत होत्या.

"त्या माझ्या स्वतःच्या," नोजिरी म्हणाले. "मनापासून केलेल्या."

"हं," ओरिहाशीबाई म्हणाल्या. "मंगळवारी येते जागा बघायला. पेन्सिल आणू नका."

घर उभं राहायला लागलं. वर्षभरात भांडणं झाली नाहीत असं नाही. खिडक्यांवरून तर नोजिरी आणि ओरिहाशीबाई आठवडाभर चिगुसाबाईंच्या मार्फत बोलत होते. पण जे झालं ते उघडपणे झालं. नव्या नकाशात बर्फ मागच्या बाजूला पडणार होता, पूर्वजांना मोकळा श्वास मिळणार होता, आणि जिना कुठल्याही जिन्यासारखा वरच्या ओसरीत संपत होता.

आढं चढवायच्या दिवशी सगळा सांगाडा उन्हात उभा होता आणि खाली गाव जमलं होतं. प्रथेप्रमाणे वरून उधळल्या जाणाऱ्या तांदळाच्या गोळ्यांसाठी टोप्या, पदर, पिशव्या पसरल्या होत्या. हामातानी गुरुजी छत्री उलटी धरून सगळ्यांत पुढे होते. मियासेही आला होता, आणि लांबूनच वाकत होता.

वर सांगाड्यावर, गोळे उधळण्याआधी, ओरिहाशीबाईंनी एक कोरी पाटी आणि शाईचा कुंचला नोजिरींसमोर ठेवला. आढ्याखाली ठोकायची पाटी; त्यावर घर बांधवून घेणाऱ्याचं नाव असतं आणि खाली बांधणाऱ्याचं. नोजिरींनी गेला महिनाभर कार्यालयात जुन्या कागदांवर आपलं नाव गिरवून गिरवून सराव केला होता. त्यांनी कुंचला उचलला, शाई झटकली, आणि मधोमध, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: चिगुसा नोजिरी. शेजारी, जरा लहान, योशिनारी. खाली ओरिहाशी.

"अहो, हे काय?" चिगुसाबाई म्हणाल्या. "घरधन्याचं नाव लिहायचं असतं."

"तेच लिहिलंय."

चिगुसाबाईंनी तोंड फिरवून गोळ्यांची टोपली उचलली आणि पहिला गोळा इतक्या जोरात फेकला की तो गुरुजींच्या छत्रीतून आरपार गेला.

पाटी आढ्याखाली ठोकली गेली. तिच्यावर छप्पर चढणार होतं, कौलं बसणार होती, आणि पुढची पाच-पन्नास वर्षं ती कुणाच्या दृष्टीला पडणार नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवसापासून नोजिरी मासेवाल्याचा तराजू तपासायला गेले तरी शिक्का मारण्याआधी त्याला पाटीवर काय लिहिलंय ते सांगत, आणि मासेवाल्याने नीट ऐकलं नसेल तर पुन्हा सांगत.